पंचमीचा पंखा

आमचं घर नदीच्या अलीकडं आणि माझं माहेर पलीकडं. कराडच्या खाली कृष्णा पसरत जाते, तिथं ही दोन गावं समोरासमोर आहेत. उन्हाळ्यात आई पलीकडच्या घाटावर धुणं आपटायला आली की मला ती पाठमोरीसुद्धा ओळखू यायची. आषाढ लागला की नदी दुथडी भरायची, नावाडी होडी वर ओढून पालथी घालायचा आणि माहेर परमुलखात जायचं. पुलावरून जावं म्हटलं तर थेट सांगली गाठायची, आणि काळ्या रानातल्या चिखलात गाडी आसापर्यंत रुतायची. तेवढ्या पाण्यापायी मी लय रडले आहे. आता ह्या वयात सांगायला लाज कसली?

लग्नानंतरची ती माझी पहिली पंचमी. पहिल्या पंचमीला लेक माहेरी पाहिजेच, नाहीतर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. माझा भाऊ रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर येऊन डोक्याचा पटका हलवायचा. सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग मी इकडून पदर हलवायची आणि डोळे पुसत घरी यायची. आईनं कृष्णाबाईला लुगडं बोललं होतं. लेक काठाला लागली की नदीला नेसवीन म्हणाली होती.

माझी सगळी भिस्त एका जुन्या मोटारबोटीवर होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं मोडकंतोडकं विकायला काढलं, त्यात आमच्या पाटलांनी ती घेतली, पुरातही माणसं पलीकडं नेता यावीत म्हणून. इंजिन बोटीच्या पोटात. तिथून एक लांब दांडा मागं पाण्यात गेलेला आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पंखा फिरला की बोट पुढं सरकायची. आमचे हे लढाईत तिकडं इराकात बसऱ्याला अशाच बोटींवर फिटर होते, म्हणून पाटलांनी बोट ह्यांच्या हवाली केली. मूळचा पंखा कुणीतरी पितळेच्या लोभानं आधीच लांबवला होता. ह्यांनी सांगलीला जाऊन नवा ओतून आणला, चांगला परातीएवढा. पुराचं पाणी दांडगं तर पंखाही दांडगाच पाहिजे, असं हे गावभर सांगत फिरले.

आणि बोट काही पळेना! इंजिन कण्हायचं, काळा धूर ओकायचं, तापायचं, पण बोट म्हशीसारखी जागच्या जागी. ह्यांनी आधी रॉकेलला शिव्या घातल्या, रेशनचं रॉकेल, त्यात पाणीच जास्त म्हणून. मग प्लग घासले, कार्बुरेटर खोलला, बोटीच्या बुडाचं शेवाळ खरवडलं, तळात साचलेलं पाणी उपसलं. सगळ्यांवर आळ घेऊन झाला, फक्त पंख्यावर नाही. पंख्याबद्दल कुणी ब्र काढला की ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. माझी पंचमी त्या बोटीत अडकली होती, मी कशाला बोलू?

शेवटी ह्यांनी बैल जुंपून बोट काठावर ओढली, पंखा काढून ठेवला आणि इंजिन नुसतंच चालू केलं. ते असं खणखणीत बोललं की घाटावरची कुत्री पळाली. म्हणजे इंजिन निरोगी होतं, पंखाच त्याला जड होत होता. घास तोंडापेक्षा मोठा झाला की चावताच येत नाही, तसं. हे घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कानस घेऊन बसले.

माझ्या स्वयंपाकघरात दोन पाट उभे करून, पंख्याच्या भोकातून घातलेली सळई त्यांच्यावर टेकवून हे पंखा फिरवायचे. जड पातं खाली येऊन थांबलं की त्याच्यावर कानस. पुन्हा फिरवायचं, पुन्हा घासायचं. पंखा लहान होत चालला आणि पितळेची भुकटी पिठापर्यंत आली. लेकाची करणी आता भाकरीतून खायची, असं सासूबाई मलाच ऐकवायच्या. पंखा शेवटी कुठल्याही पात्यावर न झुकता स्थिर राहिला, तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. ती कानशीची करकर मला आज पुन्हा ऐकायला मिळाली तर मी काय वाटेल ते देईन.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं निघालो. इंजिन एकसुरात चाललं होतं, धुराचा ठिपका नाही. अलीकडच्या काठाकाठानं वर जाऊन मग ह्यांनी बोट आडवी घातली, आणि नदी खरंच मागं सरकायला लागली. आई घाटावर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या कपाळाचं कुंकू दिसलं, हातातलं नवं हिरवं लुगडं दिसलं. धारेनं बोट घाटाच्या थोडी खाली ओढली होती, आता ती खालच्या अंगानं वर येत होती. मी पोचलेच असं समजून आईनं लुगड्याची घडी मोडली, कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडलं.

ते हिरवं लुगडं लाटेवरून आमच्याकडं आलं आणि बोटीखाली शिरलं. इंजिन दोनदा अडखळलं, दणका बसला आणि बंद पडलं. भावानं दोर फेकला, तो पोचला नाही. आईचे हात तसेच जोडलेले होते आणि ती लहान होत चालली होती. वळणाखाली, आमच्याच काठाच्या बाभळीत बोट अडकली. ह्यांनी विळ्यानं दांड्याभोवतीचं लुगडं कापून काढलं. दांडा वाकला होता. ती पंचमी मी त्या फाटक्या लुगड्याला कवटाळून काढली.

दिवाळीला पाणी उतरलं, साध्या होडीनं आम्ही गेलो. आई वाळली होती. तिनं मला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, कृष्णाबाईनं तिचं लुगडं का नाकारलं, तिचं काय चुकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे बोलले.

"पंखा चुकला, मामी. निवड माझीच चुकली."

ज्या पंख्यासाठी हे सगळ्या गावाशी भांडले, त्याच पंख्यावर आळ घेतला! आई कितीतरी महिन्यांनी हसली. परतताना होडीत मी ह्यांच्याकडं नुसतं बघत राहिले.

"पंख्याला काय वाटतंय? त्यो पितळंचा हाय," एवढंच म्हणाले.

पुढं बोट भंगारात गेली, तरी दर श्रावणात आई विचारायची, जावईबापू, औंदा तरी पंखा नीट बघून लावला का. हे खाली मान घालून व्हय म्हणायचे.

आता गावाशेजारीच पूल झालाय. पंचमीला मी केव्हाही पलीकडं जाऊ शकते, पण जायचं कुणाकडं? तो पंखा माझ्या देवळीत आहे. घासल्यावर त्याच्यात कसलीच खोट उरली नव्हती, बोट अडली ती आईच्या लुगड्यानं. आईला हे कधी सांगितलं नाही, ते बरंच केलं. पण ह्यांना एकदा तोंडानं म्हणायचं होतं, पंखा तुमी अगदी बरोबर लावला होता म्हणून. ते राहूनच गेलं.