‘कधी पण ये’ म्हटल्यावर

अकरावीला मला सांगलीत हॉस्टेलवर ठेवलं आणि अंगात एक भिरभिर सुरू झाली. ती कुठंच बसू देईना. खोलीतली ट्यूब गुणगुणायची. बाकीच्या मुलींना ते ऐकूच येत नव्हतं. मेसमध्ये स्टीलची ताटं एकमेकांवर आदळली की माझे दात शिवशिवायचे आणि मी अर्धं जेवण टाकून जिन्यात येरझाऱ्या घालायची. कडेगावला निदान आमच्या उसाच्या बांधावरून हवं तितकं चालता यायचं. इथं चाललं की मुली विचारायच्या, "कुठं निघालीस?" कुठंच नाही, हे उत्तर कुणाला पटायचं नाही.

वर्गात माझ्या शेजारी माधवनगरची एक मुलगी बसायची. मी उत्तर द्यायला वेळ लावला तरी ती थांबायची. एकदा कॉलेज सुटताना ती म्हणाली, "ये की गं घरी, कधी पण ये."

मी पत्ता विचारून घेतला आणि रविवारी दुपारी गेले.

दार तिच्या आईनं उघडलं. मैत्रीण मिरजेला मामाकडं गेली होती. "बस, येईल ती," काकू म्हणाल्या. मी बसले. घराच्या मागं यंत्रमाग चालू होते. खटक-खट, खटक-खट, एकसारखे. इतर आवाज मला ओरबाडायचे. हा मात्र अंगात उतरला. कितीतरी दिवसांनी माझी बोटं ओढणीचे धागे उसवायची थांबली. काकू साडीला फॉल लावत होत्या. मधेच म्हणाल्या, "हॉस्टेलवर वाट बघत असतील ना तुझी?"

"नाही, कुणी बघत नाही."

"उशीर होईल हं तुला."

"आठपर्यंत चालतं."

दिवेलागण झाली. त्या स्वयंपाकाला लागल्या. "मग जेवूनच जातेस का?" म्हणाल्या. मी हो म्हणाले, आणि जेवले. मैत्रीण आली तेव्हा मी हात धूत होते. मला बघून ती उंबऱ्यातच थबकली.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले, तर मागून कुणीतरी ओरडलं, "आली, मुक्कामी गाडी आली!" संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथंच थांबणाऱ्या एसटीला आमच्याकडं मुक्कामी गाडी म्हणतात. सगळा वर्ग हसला. मी मैत्रिणीलाच विचारलं, "गाडी कुणाला म्हणतायत?"

तिनं मान खाली घातली. "अगं, कधी पण ये असं म्हणतात. म्हणून कुणी येतं का?"

"मग म्हणायचं कशाला?"

ती खरंच विचारात पडली, पण तेवढ्यात सर आले.

मग ते नाव जिन्यात, मेसमध्ये, सगळीकडं माझ्या मागं लागलं. हसणाऱ्यांबरोबर मीही हसून बघितलं, तर ते आणखी हसले. ओढणीची एक कड पार उसवली. एक दिवस तास चालू असताना मी उठले, दप्तर उचललं, थेट स्टँड गाठला आणि गाव जवळ केलं.

फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आण्णा, अंगणात विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते.

"आज मधीच कशी आलीस?"

"मला तिथं राहायचं नाही."

"कोन काय बोललं?"

"सगळेच. पण ते खोटं बोलत नाहीत. मी बसले होते रात्रीपर्यंत."

त्यांना काहीच उमगलं नाही. आई म्हणाली, नजर लागलीय, आणि मला औंधला यमाईपुढं उभं करून आली. हॉस्टेलच्या बाईंनी फोनवर सांगलीतल्या एक डॉक्टर सुचवल्या होत्या. तिकडं आण्णा घेऊन गेले. दोन-चार खेपा झाल्या. मग डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला.

"औषध किती दिवस घ्यावं लागंल?" आण्णांनी विचारलं.

"आजार नाही हा. तिचा मेंदूच वेगळ्या रीतीनं चालतो. आडून बोललेलं तिला कळत नाही. तिच्याशी सरळ बोलत जा."

परतीच्या एसटीत तासगाव मागं पडलं. मी खिडकीचं रबर ओढत होते. एरवी आण्णा ‘हात आवर’ म्हणाले असते. मग एकदम म्हणाले, "मी तुला ‘बघू’ म्हनतो, तवा तुला काय वाटतं?"

"तुम्ही बघणार आहात असं."

"आन मग?"

"मग मी वाट बघते."

ते माझ्याकडं वळले. "आजून कशाकशाची बघतीयास?"

मी सांगायला लागले. जम्मूला ड्युटीवर असताना तिकडं न्यायचं म्हणाले होते, ते. माडीवरची खोली मला एकटीला देणार होते, ती. आईला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणार होते. सातवीत असताना मला पोहायला शिकवणार होते. विटा आलं तरी माझं संपलं नव्हतं. आण्णा रुमालानं नुसती मान पुसत राहिले.

कडेगावला उतरल्यावर म्हणाले, "जम्मू न्हाई व्हनार. न्हाई म्हंजे न्हाईच. त्याची वाट बघू नगंस. खोली उद्या रिकामी करतो. पवायला रविवारी, आपल्या हिरीवर."

जम्मूचं वाईट वाटलं, तरी छातीवरचं काहीतरी उतरलं.

पुढं हॉस्टेल सुटलं. विट्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि मी घरूनच जाऊन-येऊन करू लागले. तिथंही फार जमलं असं नाही.

पण त्या रविवारी आण्णांनी तरंगायला माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत सोडलं. मी हातपाय झाडत सुटले. थांबताच येईना. पायरीवर उभे राहून आण्णा ओरडत होते, "झाड, लय भारी! आजून झाड!"