बुलढाण्यात घेतलेलं कार्ड

नवरा लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी घरी बसून त्याचं मिक्सिंग, म्हणजे कापाकापी आणि जोडणी. दुसरबीडला आमच्या पुढच्या खोलीत एक जुना असेम्बल केलेला कॉम्प्युटर होता, त्यावर घर चालायचं. त्या वर्षी, अळी लागत नाही म्हणतात त्या बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, बोंडं किडकी निघाली, आणि लोकांनी लग्नं पुढे ढकलली. जी झाली ती मोबाइलवरच उतरवली गेली. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात रोजाने जायला लागला. तुळशीच्या लग्नानंतर आम्हाला एकच काम मिळालं, मागच्या गल्लीतल्या वहिनींच्या मुलीचं.

त्या लग्नाला मुलीचा बाप नव्हता. अळीसाठी फवारणी करताना औषध नाकातोंडात गेलं आणि त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. तारीख मोडायची नाही, असं त्यांनीच खाटेवरून बजावलं होतं. पाठवणीच्या वेळी मुलगी गाडीत बसता बसता थांबली, कॅमेऱ्याकडे वळली आणि बापाशी बोलली.

लग्न उरकून वहिनी लगेच दवाखान्यात परतल्या. तिथून त्यांचा फोन आला.

“ताई, हे सारखं एकच म्हणून राह्यले, पोरगी काय बोलली ते मले दाखवा. लवकर होईन काय?”

“उद्या घेऊन येते,” मी म्हणाले.

त्याच दुपारी स्क्रीनवर आडव्या रेघा उमटल्या, मग रंगीत चौकटी, मग सगळं काळं. स्क्रीनवर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड गेलं होतं. ते काढून मशीन सुरू केलं, पण मिक्सिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की बंद पडायचं, आणि त्याच्याशिवाय कॅमेऱ्याची फाइल मोबाइलवर चालणारी होत नव्हती. हार्डडिस्क घेऊन गावातल्या दुसऱ्या स्टुडिओत गेले. त्यांचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. घरी येऊन मी मशीनच्या तारा सोडवून ठेवल्या. शब्द देऊन बसले होते.

सकाळी सीपीयूचा डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीत बसले. डबा मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला तो पोटाशी आवळून धरत होते, आत हार्डडिस्क होती, कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग पुसलेलं होतं आणि त्या बोलण्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बुलढाण्याला बाजारात एका चाचांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. हे मशीन त्यांनीच कधीकाळी जोडून दिलं होतं. त्यांनी झाकण उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली.

“बेटी, हे मशीन आता बुढं झालं. याच्यावर पैसा कायले लावतं?”

“चाचा, आज चालू झालं पाहिजे. बाकी काही नाही.”

त्यांनी काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक नवं, छोटंसं, तळहाताएवढं. दुसरं कोण्या गेम पार्लरमधून आलेलं, वापरलेलं, दोन पंख्यांचं. किंमत जवळपास सारखीच. मोठं कार्ड छोट्याच्या कितीतरी पट वेगवान. दोन्हींपैकी एकच परवडणार होतं.

“मोठं नको घेऊ,” चाचा म्हणाले. “तुह्या मशीनचा पॉवर सप्लाय कमजोर हाय. झेपणार नाही.”

मला मात्र वेळ दिसत होता. मोठ्या कार्डावर काम लवकर उरकेल, मी लवकर दवाखान्यात पोचेन. “लावून तर बघा,” मी हट्ट धरला.

त्यांनी लावलं. पंखे फिरले, स्क्रीनवर उजेड आला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि फाइल टाकताक्षणी मशीन धाडकन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. मग तर बटण दाबूनही काही होईना. डिस्क जळाली असेल तर? चाचांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मोठं कार्ड काढलं आणि थोडा वेळ मशीन तसंच राहू दिलं. मग छोटं कार्ड लावून त्यांनीच बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले होते.

“डोळे उघडून पाय, चालू झालं,” ते म्हणाले.

पूर्ण लग्न त्या कार्डावर दिवसभरातही झालं नसतं. मी मंगलाष्टकं सोडली, सप्तपदी सोडली. फक्त पाठवणी कापून घेतली आणि तेवढ्यालाही दुपार टळली. चाचांनी गिऱ्हाइकाला बाहेर थांबवून ठेवलं. दुकानात मुलीचा आवाज घुमला, “बाबा, मी निघाली. तुम्ही घरी आले की मले फोन करजा. मी येईन.” चाचा दारात जाऊन उभे राहिले.

तेवढा तुकडा फोनमध्ये घेतला, डबा त्यांच्याकडेच ठेवला आणि दवाखान्यात धावले. वहिनी वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या नवऱ्याला श्वास घेता येईना, म्हणून यंत्रावर ठेवलं होतं. शुद्ध नव्हती.

सिस्टरने आम्हाला आत सोडलं. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, पण डोळे बंद. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला आणि नवऱ्याच्या कानाशी लावला. संपलं की म्हणायच्या, “ताई, आणखी एकडाव लावा.” मी लावत राहिले. सिस्टर दोनदा येऊन गेली, तिनेही आम्हाला बाहेर काढलं नाही.

ते घरी आले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

तेराव्यानंतर मुलगी माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली. “ताई, बाबानं ऐकलं काय?”

“तुझ्या आईनं फोन कानाशी धरला होता,” मी म्हणाले. “पुन्हा पुन्हा लावला.”

“पण ऐकलं काय?”

मी तिच्या शेजारी उंबऱ्यात बसले. तिने पदराने तोंड झाकलं. आमच्या पाठीशी, पुढच्या खोलीत छोट्या कार्डावर तिच्याच लग्नाची सप्तपदी हळूहळू तयार होत होती, आणि मशीनच्या पंख्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता.