अक्काच्या मापाचं घर

जगातली कुठलीही वस्तू दुकानातून घरी येते तेव्हा ती अर्धवटच असते आणि तिला पुरं करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस या पृथ्वीवर आहे, आणि तो नेमका आमचा घरमालक आहे. हैदराबादेत हिमायतनगरच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि काकू, वर मी आणि माझा नवरा. आम्ही पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि घर बघायला गेलो, तेव्हा काकांनी आम्हाला खोल्या दाखवल्याच नाहीत. त्यांनी सुधारणा दाखवल्या. या नळाला उजवीकडे फिरवायचं नाही, तो बिघडतो. या खिडकीला खालून एक गुद्दा द्यायचा, मग ती उघडते. या दिव्याचं बटण पलंगाखाली आहे, कारण माणूस आधी झोपतो आणि मग त्याला दिवा आठवतो. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात काकूंनी खालून चहा आणला. चहा फार चांगला होता. आम्ही राहायला आलो.

काका मूळचे नांदेडकडचे. टपालखात्याच्या पार्सल विभागात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि येताना तिथलं सगळं तत्त्वज्ञान घरी घेऊन आले. त्यांच्या मते कुठलीही गोष्ट सुतळीने नीट बांधली आणि गाठीवर लाख लावली, की तिला काही होत नाही. "अहो, अशी बांधलेली बरणी दिल्लीला पोचते," ते मला म्हणाले, "या फळीला तर फक्त भिंतीवर राहायचंय." त्यामुळे आमच्या घरातली फळी, पडद्याची दांडी, गीझरचा पाइप आणि जिन्याचा अर्धा कठडा सुतळीने बांधलेला आणि लाखेने मोहोरबंद होता. माझ्या बाथरूममधला गळका सांधाही त्यांनी मार्चमध्ये लाखेनेच बंद केला. आता हैदराबादच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. दुपारी दोनला माझा नवरा तोंडाला साबण लावून उभा असताना त्याला फरशीवर लालभडक थेंब दिसले. तो टॉवेल गुंडाळून डोकं चाचपत बाहेर आला आणि मला म्हणाला, "मला नक्की कुठे लागलंय ते बघ." काका वर आले, वितळलेली लाख बोटाने तपासली आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "चूक नाही हो ही. उन्हाळ्याची सुधारणा बाकी राहिली." मग त्यांनी लाख काढून तिथे सुतळीचा एक वेढा वाढवला.

मागच्या परसात तर त्यांना मोकळं रानच मिळालं होतं. पेरूचं एक झाड, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि एक लोखंडी फाटक, एवढाच तो ऐवज. पण काकांनी त्यातल्या कशालाही स्वस्थ बसू दिलं नाही. फाटक आपोआप बंद व्हावं म्हणून त्यांनी कप्पीवरून दोरी नेऊन तिला वाळूने भरलेला तेलाचा डबा टांगला. फाटक बंद व्हायचं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. फक्त डबा जिथे उतरायचा, तिथेच काकू पापड वाळत घालायच्या. कढीपत्त्याला थेंब थेंब पाणी मिळावं म्हणून त्यांनी सलाईनच्या नळ्या लावल्या आणि त्याची इतकी सेवा केली, की महिन्याभरात झाड बिचारं दगावलं. काकू सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी नवऱ्याच्या दहाही बोटांना निरनिराळ्या वर्षी पट्ट्या बांधल्या आहेत. त्या मला म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे गं. फक्त त्याच्या हातात पाना देऊ नये." आणि एवढं बोलून त्याच काकांना पाना शोधून द्यायला आत गेल्या.

मी पुण्याची असल्यामुळे, न विचारता मत द्यायची मला सवय आहे. सुरुवातीला मी प्रत्येक सुधारणेतला दोष काढून दाखवत असे. मला वाटायचं, माणूस चिडेल आणि थांबेल. पण काका खूश व्हायचे. "पुण्याच्या लोकांची नजर बारीक," असं म्हणून ते सुतळीचं एक टोक माझ्या हातात द्यायचे, आणि पुढचा तास मी ते टोक धरून उभी असे. अशा रीतीने वर्षभरात मी त्यांची बिनपगारी सहायक झाले. टेपने माप घेणं त्यांना मान्य नव्हतं. टेप सगळ्यांना एकच माप सांगते, मग तिचा काय भरवसा, असा त्यांचा सवाल होता. ते वितीने, बोटांनी आणि सुतळीच्या गाठींनी मोजत. त्यांचं एकही फडताळ सरळ नव्हतं आणि एकाही फडताळाबद्दल त्यांना शंका नव्हती.

मग अक्का येण्याचं ठरलं. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिने या भावाला वाढवलं. लोकांच्या शेतात मजुरी केली, त्याला कडेवर घेऊन ओढा पार करून शाळेत सोडलं आणि पुढे वसतिगृहात घातलं. ती स्वतः गावातच राहिली, एकटी, अगदी परवापरवापर्यंत. गेल्या वर्षी अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती वॉकर घेऊन चालायला लागली, पण डॉक्टरांनी सांगितलं, की आता एकटं राहायचं नाही. काका तिला इकडे ये म्हणून रोज फोन करत. रोज "जय भीम अक्का" पासून सुरू झालेलं बोलणं भांडणावर संपत असे. शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर. "मी आजवर कोणाचा हात धरला नाही," ती फोनवर म्हणाली. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. "तुझ्या घरात मोरीला जाताना कोणी माझा दंड धरला, तर दुसऱ्या दिवशी मी माझ्या गावाला." ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे, हे काकूंच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मी काकांना समजावलं, की असं काम करणारे लोक असतात. येऊन माप घेतात आणि दिवसभरात घरभर दांड्या लावून जातात. तुमची सुतळी इथे चालणार नाही. काकांनी माझं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हौ, मिस्त्री भिंतीला दांडी लावून जाईल. अक्काला नाही लावणार."

आणि मग मी एक वेगळाच माणूस बघितला. जो आयुष्यात भंगार बाजाराबाहेर खरेदी करत नव्हता, तो नव्याकोऱ्या स्टीलच्या दांड्या घेऊन आला. लाखेची कांडी कपाटात गेली. प्रत्येक भोक पाडताना ते दोन्ही हातांनी ड्रिल धरत आणि ओठ मिटून घेत. मोरीचा उंबरा त्यांनी छिन्नीने स्वतः काढला. परसात उतरायच्या दोन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार केला आणि तो ओला असतानाच त्यावर काथ्याची चटई दाबून खरखरीत नक्षी उठवली, म्हणजे पाय घसरायला नको. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून पेरूच्या झाडापर्यंत, हात न सोडता जाता येईल अशी एक अखंड दांडी त्यांनी महिन्याभरात उभी केली. एकेक दांडी लागली, की तिला लोंबकळायला माझ्या नवऱ्याला खाली बोलावणं यायचं. माझा नवरा खात्यापित्या घरचा आहे. तो लोंबकळायचा, दांडी हलायची नाही, आणि काका भिंतीवर हात फिरवून म्हणायचे, "अजून एक स्क्रू टाकू."

दांडी किती उंचीवर लावायची, याचाही त्यांनी बंदोबस्त केला होता. एक जुनी जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी जमिनीवर ठेवून ते तिच्यावर उभे राहात आणि कोपर वाकवून हात पुढे धरून मला म्हणत, "इथं खूण करा. मी डिरेक्टरीवर चढलो की अक्काएवढा होतो." मी खूण करत गेले. अक्का त्यांच्याहून चार बोटं उंच, असं ते सांगत आणि सांगताना स्वतःही नकळत ताठ होत. मला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. बारीक नजरेच्या पुणेकरणीलाही नाही.

एका रविवारी सकाळी काकांचा गावाकडचा चुलत पुतण्या अक्काला गाडीतून घेऊन आला. दार उघडलं, वॉकर बाहेर आला आणि त्याच्या मागून, कोणालाही हात लावू न देता, अक्का उतरली. ती काकांच्या कोपराच्या जरा वर आली. पाठ पार वाकलेली, मान पुढे. काका गाडीच्या दाराकडे बघत राहिले, जणू उरलेली अक्का अजून उतरायची आहे. तिला शेवटचं उभं कधी पाहिलंत, असं मी त्यांना नंतर विचारलं. "परवाच की, लग्नात," ते म्हणाले. हैदराबादेत परवा म्हणजे कितीही मागे जाता येतं. त्या लग्नातल्या नवरानवरीचा मुलगा आता सातवीत आहे. ऑपरेशनच्या वेळी काका तिच्याजवळ होते, पण तेव्हा ती पलंगावर होती. फोनवर दिसायचा तो चेहरा, आणि चेहरा तोच होता.

आत येऊन अक्काने पहिल्या दांडीकडे पाहिलं आणि हात उचलला. बसमध्ये वरची दांडी धरावी तसा तो खांद्याच्याही वर गेला. "हे कामून केलंस?" ती म्हणाली. "धुणं वाळू घालायला?" काकू हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण काका हसले नव्हते. मोरीचं दार अरुंद. वॉकर आत जाईना, दांडी हाताला येईना. काकूंनी आपला दंड पुढे केला. अक्काने तो धरला. बाहेर आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि पुतण्याला विचारलं, "उद्या किती वाजता निघतोस?"

"आठला," तो म्हणाला.

"मग आठला मी बी गाडीत," अक्का म्हणाली.

चूक नाही, सुधारणा बाकी आहे, हे वाक्य आता येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही. काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुमची टेप द्या." मी वर जाऊन टेप आणली. त्यांनी अक्काला पलंगाजवळच्या भिंतीशी उभं केलं, स्वतः खाली गुडघ्यांवर बसले आणि तिचा हात कोपरात वाकवून तळव्यापाशी पेन्सिल टेकवली.

"अक्का, जरा सरळ उभी राहा."

"सरळच उभी हाय रे मी," अक्का म्हणाली.

काकांनी तिथेच रेघ ओढली. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आधारासाठी की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही. मला रडू येत होतं आणि मी स्क्रू मोजतेय असं दाखवत होते.

त्या दिवशी काकांनी आपल्या हाताने लावलेली प्रत्येक दांडी आपल्याच हाताने उतरवली. माझा नवरा, पुतण्या, मी, काकू, सगळे जुंपले गेलो. जेवण उभ्याउभ्याने झालं. दिवेलागणीच्या सुमारास शेवटचा स्क्रू बसला, आणि तोवर काकांनी पाना कोणाला दिला नाही. अक्का उठली. दांडी धरून ती मोरीत गेली, आली, स्वयंपाकघरात डोकावली आणि उतारावरून परसात पेरूखाली जाऊन बसली. तिथून तिने हाक मारली, "चहा इथंच पाठवा. नाहीतर राहू द्या, मीच येते न्यायला." आणि खरंच आली. सकाळी आठला पुतण्या एकटा निघाला.

अक्काला येऊन आता आठ महिने झाले. काकांच्या सगळ्या सुधारणांवर तिची टीका माझ्याहून कडक असते, आणि कढीपत्त्याचं नवं रोप तिने त्यांच्यापासून वाचवून ठेवलं आहे. फक्त भिंती विद्रूप झाल्या आहेत. दांडीच्या वर हातभर अंतरावर, सगळ्या घरभर, जुनी भोकं तशीच आहेत. परवा, म्हणजे पुण्याच्या परवा, मी पुट्टीचा डबा घेऊन खाली गेले आणि म्हटलं, काका, तुम्हाला वेळ नसेल तर ती भोकं मी भरून टाकते. अक्का परसात होती. काकांनी एका भोकावरून बोट फिरवलं.

"नक्को," ते म्हणाले. "ती पण अक्काचीच उंची आहे."

मी डबा घेऊन वर आले.