लॉजवरची पाहुणी

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिचा विषय निघाला की घरातले सगळे तोंड पाडून बसतात. मला मात्र औरंगाबादचं ते लॉज आठवतं अन् मी एकटाच हसत सुटतो. पोरांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू द्या.

सून घरात आली त्या वर्षाची गोष्ट. आमचं लग्न झाल्यापासून उजाडल्यावर ही बाई अंथरुणात कधी दिसलीच नाय. मी मनाशी धरलं, हिला एकदा तरी पलंगावर बसल्या जागी दुसऱ्याच्या हातचा चहा पाजायचा. घरी ते जमणं शक्यच नव्हतं, सुनेच्या आधी हीच उठायची. गावातल्या शाळेचे मास्तर म्हणाले होते, लॉजवर बटन दाबलं की चहा खोलीत येतो. मग वेरूळ बघायचं निमित्त काढलं, करमाडला यष्टी धरली अन् शहरात स्टँडामागं खोली घेतली.

पहिला घोळ खालीच. कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाय, ही आमची रीत. हिनं पिशवीतनं शेंगा अन् दहा भाकरी काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या.

"घरच्या हायेत. तुमची मंडळी कुठं दिसंना?"

मॅनेजर माझ्याकडं बघाया लागला. "चाचा, अम्मा को बोलो, ये लॉज है, रिश्तेदारी नइं."

"मग लॉजवाल्याला पोट नसतं व्हय?"

त्यानं गुमान शेंग फोडली.

खोली म्हंजे खुराडा. खिडकी उघडली तर शेजारची भिंत नाकाला लागायची. पंखा नुसता टांगलेला, नळ कोरडा, गादीत ढेकूण. मला लाजंनं मेल्यागत झालं. हिला मात्र चेव आला. पदर खोचला, जिन्याखालचा झाडू आणला अन् खोली झाडली. मग व्हरांडा. मग जिना.

"अगं, कामाला आलीस का इथं?"

"पाहुणी हाय मी, साहेबीण नव्हं. ज्याच्या घरी उतरायचं त्याच्या कामाला हात लावायचा नाय व्हय?"

शेजारच्या खोलीतल्या माणसानं विचारलं, "बाई, आमची खोली कवा झाडता?" अन् ही गेली की झाडायला!

सकाळी ती उठायला लागली तसा मी दंड धरला. "बस. आज उठायचं नाय." बटन दाबलं. दहा वेळा दाबलं. कुत्रं फिरकलं नाय. खाली गेलो तर मॅनेजर म्हणतो, "बटन कू करंट नइं, चाचा. चायवाला बी नइं आया. वो रहा स्टो, तुमीच बना लेव."

जन्मात स्टोला हात लावला नव्हता. भुवई जळाली, दूध उतू गेलं, पत्ती किती टाकली देवाला ठाऊक. कपबशी घेऊन वर गेलो. ही पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली, बैलगाडीत बसल्यागत.

"कुणी केला?"

"लॉजवाल्यानं."

एक घोट घेतला, माझ्या भुवईकडं बघितलं. "लॉजवाल्याच्या बायकोनं त्याला फार लाडावून ठेवलंय वाटतं."

अन् जी हसायला लागली! बशी हिंदकळली, चादर भिजली. मला हसू आवरंना. काय झालं बघायला मॅनेजर वर पळत आला अन् तोही हसला.

तो काळा कडू चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

"आता उठू का?"

नाय म्हणालो. तरी उठलीच. कपबशी विसळायची होती.