तळव्याला गुदगुल्या

दवाखान्यात नोकरी केली की किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत! हल्ली मी बसूनच असते, त्यामुळे जरा जास्तच आठवतात.

सत्तरच्या दशकात मॉरिशसमधल्या मोंतान्य ब्लांश गावच्या दवाखान्यात आम्ही दोघी पोलिओचे थेंब पाजायचो. मी आणि सिस्टर सुलोचना, माझी थोरली चुलत बहीण. एका आजीने तर त्याच नातवाला झबलं बदलून पुन्हा रांगेत आणलं! "आयो गो बाय, पोराला ग्वाड लागलं, दे की आणखी येक!"

*

पुढच्या डोसला पोर आलं की ताई आधी त्याच्या तळव्याला गुदगुल्या करायची. पोराने पाय आत ओढला की कार्डावर टिक.

"ताई, तू सिस्टर की जोकर?" मी चिडवायची. ती हसायची नाही.

*

एकदा एका बाळाने पाय ओढलाच नाही. हसलं मात्र खळखळून.

डॉक्टरांनी आईला समजावलं, की लाखांत एखाद्याचा पाय थेंबातला विषाणूच नेतो, पण थेंब थांबवले तर तो आजार कितीतरी पोरांचे पाय नेईल.

"मग त्ये येक माजंच कसं, दोक्तेर?" आईने विचारलं.

*

उसाच्या लॉरीवरच्या एका ड्रायव्हरची बायको आजारी, म्हणून बाळाचे लंगोट तोच धुवायचा. गाव फिदीफिदी हसलं. थेंब पाजल्याला महिना झाला असेल. बाळ पाळण्यात लाथा झाडत होतं आणि बापाला खाटेवरून उठता येईना!

डॉक्टर म्हणाले, विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो. ज्याने कधी थेंब घेतले नाहीत, त्याला क्वचित गाठतो. गावाचं हसू तिथेच थांबलं.

*

मग ऐंशीनंतर माझी मुलगी झाली. थेंब ताईनेच पाजले, लंगोट मी धुतले. काही आठवड्यांनी मला ताप भरला, अंग ठणकायला लागलं. फ्लू असेल म्हणून मी पडून राहिले.

दुपारी ताई आली. दोरीवरचे लंगोट बघून तशीच माझ्या खाटेशी आली.

"आपण दोगींनी कदी घेतले गो थेंब?"

मी आठवून पाहिलं. गावभर पाजता पाजता आमचेच राहून गेले होते! मला भीतीच वाटली.

ताई पायथ्याशी बसली आणि तिने माझा पाय हातात घेतला.

"ताई, थोरल्यांनी धाकट्यांच्या पायाला हात लावू नये, मला पाप लागंल!"

तिने गुदगुल्या केल्या. मी खदखदून हसले.

"पाय ओढ," ती म्हणाली.

"ओढला की!"

पाय तिच्या हातातच होता.