बाटलीतला बुडबुडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बुडबुडेसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. जमिनीखालच्या पाण्याचं वय काढायचं हे त्यांचं काम. त्यासाठी बाटली अशी भरावी लागते, की बूच लावल्यावर आत जराही हवा उरू नये. हवा शिरली की तिच्यातला ताजा कार्बन पाण्यात मिसळतो आणि म्हातारं पाणी तरुण दिसायला लागतं. बुडबुडा दिसला की साहेब बाटली परत पाठवत, मग ती आणणारा कितीही मोठा असो.

एकदा हौसेनं त्यांनी आपल्या ताईच्या बोअरचं पाणी तपासलं. बाटली ताईनंच भरली होती, त्यांनी शिकवलं तशी काठोकाठ. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन असतो, तो काही दशकांत विरून जातो. या पाण्यात त्याचा मागमूस नव्हता, हजारो वर्षांत हळूहळू घटणारा किरणोत्सारी कार्बनही जेमतेम पाव हिस्सा उरला होता. ताईकडे जेवताना हातातला घास तसाच धरून साहेब म्हणाले, "ताई, तुझं पाणी अकरा हजार वर्षांचं आहे!"

"अगं बाई! म्हणजे आपल्या सगळ्यांत वडील," ताई हसली.

दाजींनी मात्र कान टवकारले. जुनं ते सोनं म्हणत त्यांनी बोअरपाशी पाणी बाटल्यांत भरायचा कारखाना टाकला. दारावर पाटी लावली, अकरा हजार वर्षांचं शुद्ध पाणी.

"अहो दाजी, जुनं म्हणजे खाली नवी भर पडत नाही. उपसलं की संपलं!"

"एवढी वर्षं टिकलं, ते आपल्या हयातीत संपतंय होय?"

पालथ्या घड्यावर पाणी. कौतुकाच्या भरात आपण वय सांगितलं, अर्थ सांगायचा राहिला, हे साहेबांना जाळत राहिलं. आधी शेजाऱ्यांचे बोअर आटले, माणसं घरं सोडून गेली. मग पाण्याअभावी कारखाना बंद पडला, त्या धक्क्यानं दाजी गेले. ताई मात्र हलायला तयार नव्हती.

एका दुपारी ती प्रयोगशाळेत आली. पिशवीतून तीच बाटली काढून तिनं टेबलावर ठेवली.

"बोअरला नवं पाणी लागलंय का बघ ना रे. लागलं असेल तर राहते, नाहीतर घर सोडते."

बाटली अर्धीही भरलेली नव्हती.

"बुडबुडा राहिलाय आत, रागावू नकोस," ताई म्हणाली. "एवढंच निघालं."

तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. बुडबुडेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच तसली बाटली ठेवून घेतली.

"चालेल, ताई," ते म्हणाले.