माझ्यासमक्ष

दाखल्यांच्या नकला साक्षांकित करून घ्यायला मी कोर्टाबाहेरच्या नोटरीबाईंकडे गेले होते. माझ्या आधी एक वयस्क जोडपं बसलं होतं. अर्धांगवायूनंतर काकांची सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळेना, म्हणून त्यांना प्रतिज्ञापत्र करायचं होतं. पेन धरताच काकांचा हात थरथरू लागला, तशी काकूंनी तो सावरायला हात पुढे केला.

“काकू, हात धरू नका,” नोटरीबाई हळूच म्हणाल्या. “सही त्यांची त्यांनीच करायला हवी.”

काकूंनी हात मागे घेतला आणि कागद हलू नये म्हणून त्याची कड दाबून धरली. एकेक अक्षर उमटायला वेळ लागला.

“ही माझी वाटतच नाही,” काका सहीकडे बघत म्हणाले.

“माझ्यासमोर केलीत ना? मग तुमचीच.”

माणूस कधीकधी इतका बदलतो, की त्याला स्वतःचीच खूण पटत नाही. तेव्हा ‘हा तोच’ असं सांगणारं कुणीतरी समोर लागतं.

बाईंनी कागद काकूंपुढे सरकवला. “ओळख देणाऱ्यांची सही इथे. यांना ओळखता ना?”

“यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच नाही,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी सावकाश, ठसठशीत सही केली.